तीन स्क्रू, त्यातला मधला : काकांचं रुगर विकायला काढल्यावर

काकांचं रुगर, म्हणजे अमेरिकन कंपनीचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, बघायला आलेलं तिसरं गिऱ्हाईकही परवा शेंगापोळी खाऊन, चहा पिऊन, जिना उतरून गेलं. जाता जाता म्हणाला, "वस्तू लई भारी आहे साहेब, पण जुनं मॉडेल आहे की." तासभर मी त्याला तेच पटवत होतो! जुनं मॉडेल आहे म्हणून तर मी जास्त मागतोय.

ज्यांना रुगर सिंगल-सिक्स माहीत आहे त्यांच्यासाठीच लिहितोय, त्यामुळे नळीची लांबी नि वजन यांत वेळ घालवत नाही. माझं सुपर सिंगल-सिक्स आहे, .२२चं, म्हणजे बारीक गोळीचं, नेमाची साइट हलवता येणारी, सोबत जास्त ताकदीच्या मॅग्नम काडतुसांसाठी दुसरं सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचं फिरतं चाक. थोरल्या काकांनी १९६८ साली अमेरिकेत घेतलं आणि १९७१ला कायमचे परतताना सामानात रीतसर नोंदवून आणलं. काकांनी सत्तरी कधीच ओलांडलेली, त्यामुळे त्यांच्या हयातीतच वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झाला. विकायला काढून आता चौदा महिने झाले. काका दर रविवारी विचारतात, "गेलं का?" मी म्हणतो, नाही. ते म्हणतात, "जाऊ दे, पण फुकट जाऊ देऊ नको." माणूस सोलापूरचा आहे, अमेरिकेत राहून काही फरक पडलेला नाही.

विकायचं कारण सरळ आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनं परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, वारसाहक्कानं आलेलंही त्यातच धरतात. एका खणात वडिलांची बारा बोअरची दुनळी. ती मोहोळच्या उसात रानडुकरांसाठी लागते, ती हलणार नाही. दुसऱ्या खणात हे. मला कानपूरच्या कारखान्यातली .३२ची रिव्हॉल्व्हर घ्यायची आहे आणि जागा नाही.

आधी वापराचं सांगतो. चालवायला हे हत्यार म्हणजे सुख आहे. घोडा मागे ओढताना तीन वेळा आवाज येतो. कोल्ट कंपनीच्या अशाच जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये चार, ह्यात तीन. दुसऱ्या आवाजाला थांबवायचं, उजवीकडची खिडकी उघडायची आणि सिलिंडर बोटानं फिरवत एकेक काडतूस सोडायचं. रिकामी पुंगळी काढायची तीही एकेक, दांडीनं ढकलून. घाई असलेल्या माणसाचं हे काम नाही. रेंजवर माझ्या शेजारचा मुलगा पिस्तुलाचं अख्खं मॅगझिन रिकामं करतो तोवर माझं भरून होत असतं. पण पंचवीस मीटरवर कागद बघितला की शरम वाटत नाही. मॅग्नमचं सिलिंडर आहे तसं पिशवीत आहे, त्याची काडतुसं मला इथे कुठल्या दुकानात दिसली नाहीत. त्या सिलिंडरच्या तोंडाशी हत्याराच्या नंबराचे शेवटचे तीन आकडे हातानं कोरलेले आहेत, म्हणजे जोडी मूळचीच. हे सांगितलं की गिऱ्हाईक मान हलवतं आणि विचारतं, "पण ह्यातनं उडवता येतं का काही?"

आता स्क्रू.

चौकटीच्या बाजूला तीन स्क्रू दिसतात, म्हणून ह्याला थ्री-स्क्रू म्हणतात. १९७३ला कंपनीनं आतली रचना बदलली आणि ट्रान्स्फर बार नावाची पट्टी घातली. म्हणजे चाप ओढल्याशिवाय घोड्याचा मार काडतुसावर आदळणाऱ्या पिनपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे सहाच्या सहा घरं भरून ठेवता येतात. स्क्रू गेले, पिना आल्या. आमच्या जुन्यात ती सोय नाही. पाचच भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा, नाहीतर हातातून पडलं तर उडू शकतं. कंपनी जुनी हत्यारं फुकटात बदलूनही देते, काढलेले मूळ भाग पिशवीत घालून परत पाठवते. आणि तिकडच्या संग्राहकांचा न्याय असा की, न बदललेल्याला भाव जास्त. बदललेलं असेल तर ती जुन्या भागांची पिशवी सोबत आहे का, हे आधी विचारतात. काकांचं हत्यार १९७१पासून सोलापुरात, परत अमेरिकेला कोण पाठवणार? त्यामुळे ते आहे तसंच राहिलं. मी मनात हिशेब मांडून बसलो होतो.

इथल्या बंदूकवाल्याला हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे साहेब, सेफ्टी नाही आणि एक राऊंड कमी." साठ हजार म्हणाला. बाविसाला मागणी नसते, लोकांना बत्तीस हवी. इम्पोर्टेड आहे म्हणून साठ तरी, कारण १९८०च्या दशकाच्या मध्यात आयात बंद झाल्यापासून बाहेरच्या मालाला वजन आलंय. स्क्रू तीन की तीस, त्याला देणंघेणं नव्हतं.

आणि त्या तिनातला मधला स्क्रू मी खाल्लाय. कबूल करतो. फायरिंग केलं की हे स्क्रू ढिले होतात, म्हटलं आवळून घेऊ. कारागिराला दिलं तर सर्व्हिसिंगच्या नावाखाली पाचशे घेईल, म्हणून सासऱ्यांच्या यंत्रमागाच्या पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर उचलला. साध्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, ते खाचेच्या फक्त वरच्या कडांवर टेकतं. बंदुकीच्या स्क्रूला टोकाशी दोन्ही बाजू समांतर घासलेला लागतो, खाचेत तळापर्यंत घट्ट बसणारा. हे मला नंतर कळलं. कर्रकन घसरला. खाचेची एक कड उचलली गेली आणि तिथलं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर काळा थर, जाऊन तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका उघडा पडला. ट्यूबलाइटखाली दिसत नाही. सकाळी गच्चीत नेलं की दुसरं काही दिसतच नाही.

तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. घरात सगळे हसतात. बायको म्हणते, एवढं बघायला भिंग लागतं. भिंग लागतं हे खरं, पण असल्या वस्तू भिंगानंच विकल्या जातात. बंदूकवाल्यानं वर उपाय सुचवला, "नवं काळं मारून देतो, एकदम शोरूम!" कुणी ऐकू नका. पुन्हा ब्लूइंग केलं की बफिंगमध्ये अक्षरांच्या कडा गोल होतात आणि मूळचं झिजलेलं हत्यारसुद्धा त्याच्यापेक्षा महाग ठरतं.

बाकीच्या खुणा माझ्या नाहीत. २०२४ला लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुकांच्या वेळी हत्यार पोलिसांकडे जमा करायच्या यादीत माझं नाव होतं. दुसऱ्यांदा परत आलं तेव्हा नंबराचा बिल्ला तारेनं चापाच्या कडीला बांधलेला, तार जिथे घासली तिथे केसाएवढी रेघ. तक्रार कुणाकडे करणार? पावतीवर 'सुस्थितीत' लिहून सही माझीच घेतली होती. मूळ खोकं काकूंनी शिवणाच्या सामानासाठी घेतलं, पुढे कुठल्या तरी दिवाळीच्या साफसफाईत गेलं. खोक्याचेही पैसे येतात, हे त्या माउलीला तेव्हा कोण सांगणार?

इथवर एप्रिलमध्ये लिहून ठेवलं होतं. शेवटचं वाक्य 'घेऊ नका, घेतलंत तर विकायला जाऊ नका' असं होतं. ते खोडतोय.

मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. एक, कातडी म्यानातून काढून ठेवल्यावर नळीच्या एका बाजूला तपकिरी ठिपक्यांची सुरुवात दिसली. सोलापूरची हवा कोरडी, गंज कुठला येतोय, अशा भ्रमात होतो. पण कातडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनंही सोडतं. म्यानात घालून कपाटात ठेवू नका. तेलाचा हात फिरवून सुती कापडात ठेवा. माझे ठिपके वरवरचे होते, तेलानं पुसून गेले. ही चूक स्क्रूपेक्षा महागात पडली असती, हे आता मान्य करतो. तरी झोप स्क्रूनंच घालवली.

दुसरी गोष्ट म्हणजे बार्शीकडचे एक गृहस्थ आले. वय साठीच्या पुढे, परवान्यावर एक खण मोकळा. आधीच्या तिघांनी हातात घेतल्या घेतल्या सिलिंडर गरगर फिरवलं होतं आणि अर्ध्या कॉकवरूनच, म्हणजे घोडा दुसऱ्या आवाजापर्यंतच ओढलेला असताना, तो खाली सोडला होता. असं केलं की आतली खीळ खाचेत न बसता मध्येच सिलिंडरवर टेकते आणि पुढच्या वेळी फिरताना गोल रेघ ओढत जाते. ह्यांनी आधी हात पुसले. खिडकी उघडून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली, मग घोडा शेवटपर्यंत मागे नेऊन अंगठ्यानं सावकाश खाली आणला. मला तिथेच निम्मे पैसे मिळाल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी खिशातून भिंग काढलं. गॅलरीत उजेडाला गेले. नंबर बघितला, मॅग्नम सिलिंडरवरचे तीन आकडे ताडून पाहिले. तारेची रेघ दिसली, काही बोलले नाहीत. चौकट आडवी केली आणि थांबले.

"मधला कुणी खाल्ला?"

मी म्हटलं, "मीच." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काका शाळेच्या प्रगतिपुस्तकाकडे बघायचे.

एक लाख दहा ठरले, त्यातले पाच हजार त्या स्क्रूचे म्हणून कापले. पाचशे वाचवायला गेलो होतो. पण खरं सांगू का, पैसे कापले ह्याचा आनंदच झाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी तो स्क्रू दिसला होता.

आता कायद्यानं लेखी कळवल्यापासून ४५ दिवस थांबायचं, मगच हत्यार हातात द्यायचं. घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून अर्ज सोमवारी दिला, पोच घेतली. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "पाच कशाला सोडले?"

बार्शीकर जिन्यात थांबून म्हणाले, "तोवर तेल लावा, कापडात ठेवा. आणि ढिला वाटला तरी आवळू नका." स्क्रू-ड्रायव्हर सासऱ्यांच्या पेटीत परत गेलाय.