गोव्यातील सुट्ट्या कॅलेंडरात भरताना: तयार यादी की स्वतःची?

फोनमध्ये किंवा संगणकावर कॅलेंडर वापरणाऱ्याला सार्वजनिक सुट्ट्यांसाठी दोन मार्ग उपलब्ध असतात. एक म्हणजे ‘भारतातील सुट्ट्या’ हे तयार कॅलेंडर सुरू करून निश्चिंत होणे. दुसरा म्हणजे राज्य सरकारची अधिसूचना समोर ठेवून सुट्ट्यांचे स्वतंत्र कॅलेंडर स्वतः तयार करणे. मी दोन्ही वापरले असून सध्या दुसऱ्यावर स्थिरावलो आहे, मात्र प्रत्येकाने तसेच करावे असा माझा आग्रह नाही.

तयार कॅलेंडराचा मोठा गुण म्हणजे त्यात आपल्याला काही करावे लागत नाही. पुढील वर्षाच्या तारखा आपोआप येतात, आणि चंद्रदर्शनामुळे ईद एक दिवस पुढेमागे झाली तर पुरवठादाराने केलेली दुरुस्तीही आपोआप पोहोचते. गूगल कॅलेंडरात केवळ सार्वजनिक सुट्ट्या दाखवायच्या की इतर सण आणि दिनविशेषही, एवढी निवड करता येते. देशभर ग्राहक असलेल्या माणसाला हे पुरेसे ठरावे.

माझे घोडे अडले ते मात्र एकाच ठिकाणी. ही यादी साऱ्या देशाची असते आणि ती केवळ वाचता येते. गोव्यात गणेश चतुर्थीचा, म्हणजे चवथीचा, दुसरा दिवसही सार्वजनिक सुट्टीचा असतो, ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताची (ख्रिस्ती सणाची) सुट्टी असते आणि १९ डिसेंबरला मुक्तिदिनाची. मी वापरत असलेल्या यादीत हे तिन्ही दिवस कोरे होते, तर ज्या दिवशी आमचे कार्यालय नेहमीप्रमाणे उघडे असते असे अनेक दिवस रंगीत पट्टीने सजलेले होते. नको असलेली एखादी नोंद त्यातून काढून टाकता येत नाही. ठेवायचे तर सगळे, नाहीतर सगळेच बंद. पुण्याच्या मुख्य कार्यालयातून चवथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या बैठकीचे निमंत्रण यावे, आणि पाठवणाऱ्याचाही त्यात दोष नसावा, हे मला फार खटकले. घरात माटोळीखाली, म्हणजे फळाफुलांनी सजवलेल्या छताखाली, गणपती बसलेला असताना लॅपटॉप उघडण्याची वेळ येऊ नये, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

स्वतःचे कॅलेंडर करायला वाटते तितका वेळ लागत नाही. सामान्य प्रशासन विभागाची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध होते. तिच्यातील तारखा स्प्रेडशीटमध्ये भरून, फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या) स्वरूपात साठवून ती आयात करावी. गूगल कॅलेंडरात आयातीची सोय फोनवरील ॲपमध्ये नाही, संगणकावरील ब्राउझरमध्ये आहे, आणि स्तंभांची शीर्षके इंग्रजीतच द्यावी लागतात. तारखेत महिना आधी लिहावा हे उत्तम, अन्यथा ३ डिसेंबरचे फेस्त १२ मार्चला साजरे होण्याची शक्यता असते. आयात करताना मुख्य कॅलेंडर न निवडता ‘गोवा सुट्ट्या’ अशा नावाचे वेगळे कॅलेंडर आधी उघडून ते निवडावे. काही चुकले तर ते संपूर्ण पुसून पुन्हा सुरुवात करता येते, मुख्य कॅलेंडरात मात्र एकेक नोंद हाताने वेचावी लागते. आयसीएस, म्हणजे कॅलेंडरातील नोंदी साठवणारी फाइल, हाताने लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: दिवसभराच्या नोंदीत शेवटची तारीख मोजली जात नाही, त्यामुळे चवथीचे दोन दिवस एकाच नोंदीत हवे असतील तर शेवट तिसऱ्या दिवसाचा द्यावा लागतो.

‘दरवर्षी’ ही पुनरावृत्ती २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ३, १९ आणि २५ डिसेंबर अशा ठरलेल्या तारखांनाच लावावी. पाडवा, चतुर्थी, दसरा, दिवाळी, गुड फ्रायडे आणि दोन्ही ईद दरवर्षी नव्याने भराव्या लागतात. हे काम तयार कॅलेंडर निमूटपणे करते, हे मान्य केले पाहिजे. अधिसूचनेतील ऐच्छिक सुट्ट्या मी वेगळ्या रंगात ठेवतो. बँकेचा दुसरा आणि चौथा शनिवारही मी त्यातच घातला आहे, कारण महिन्यातील विशिष्ट शनिवारी पुनरावृत्ती करण्याची सोय कॅलेंडरात असतेच. आमच्या कुळदेवाच्या जत्रेलाही तिथे जागा मिळाली, ती कोणत्याही तयार यादीत येण्याची शक्यता नव्हती.

संगणकावरील जुन्या आउटलुकचा ‘सुट्ट्या जोडा’ हा पर्याय या दोहोंच्या मधला म्हणता येईल. तो नोंदी थेट आपल्या कॅलेंडरात उतरवतो, त्यामुळे त्या बदलता किंवा पुसता येतात. ज्याला सीएसव्हीचा कंटाळा आहे त्याने तिथून सुरुवात करून गोव्याचे दिवस हाताने घालायला हरकत नाही.

ज्याचे काम पणजी, मडगाव किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीपुरते आहे, त्याला स्वतःचे कॅलेंडर अधिक सोयीचे पडेल असे मला वाटते. राज्याबाहेरील सहकाऱ्यांना ते केवळ पाहण्याच्या परवानगीसह वाटून देता येते. पुण्याच्या कार्यालयाला मी तसेच दिले आहे, आणि चवथीतील निमंत्रणे त्यानंतर थांबली.