जीएसटी पोर्टलचा एचएसएन शोध: उद्यमबागेतल्या खरेदी बिलांसाठी कितपत कामाचा?

एचएसएन म्हणजे मालाच्या वर्गवारीचा आकडी कोड, बिलावर छापलेला असतो तो. तो शोधायला पोर्टलवर सर्व्हिसेस, त्यात युझर सर्व्हिसेस, तिथे 'सर्च एचएसएन कोड'. लॉगिन लागत नाही, पैसे पडत नाहीत, अख्खी यादी एक्सेलमध्ये उतरवून घेता येते. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या फाउंड्रीवाल्याला किंवा हायड्रॉलिकवाल्याला बिलावरचा कोड तपासायला हे उत्तम साधन आहे. खर्चाचे गट पाडायला मात्र नाही, आणि घोळ होतो तो तिथेच.

एचएसएन बहुतेक ठिकाणी वस्तू कशाची बनली आहे ते बघतो, कशासाठी आणली ते नाही. हातमोजे घ्या. भट्टीवरचे चामड्याचे ४२०३, विणलेले सुती ६११६, रबरी ४०१५. स्टोअरमध्ये तिन्ही एकाच कपाटात, यादीत तीन प्रकरणांत. सेफ्टीवर वर्षाला किती गेले, हे नुसत्या कोडवरून काढायचा नाद सोडा. त्यासाठी यूएनएसपीएससी ही खरेदीची आठ अंकी वर्गवारी बरी. संरक्षक हातमोजे तिथे सरळ ४६१८१५०४.

खरी कसोटी हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्तीच्या सील किटवर, म्हणजे गळती रोखणाऱ्या रिंगांच्या संचावर लागते. सुटी रबरी ओ-रिंग ४०१६ ९३. टेफ्लॉनची बॅकअप रिंग प्लास्टिक म्हणून ३९२६. वेगवेगळ्या मालाच्या रिंगा एका पाकिटात संच म्हणून आल्या की ८४८४. त्यात पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराला चारच अंक पुरतात. बिलावर नुसतं ४०१६ असेल, तर त्याच चार अंकांत रबरी पायपोस आणि खोडरबरही बसतात. म्हणून कोडावर विसंबू नका, बिलातली मालाची ओळ वाचा. वर्णनावरून शोधताना नुसतं 'सील' टाकलंत तरी पंचाईत. शुल्क सूचीत ०१०६ १२ ला त्याच नावाचा समुद्री प्राणी आहे! 'गास्केट' किंवा 'व्हल्कनाइज्ड रबर' असे शब्द घाला.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून खरेदीचं रजिस्टर एक्सेलला काढलं की तीन रकाने ठेवा: बिलावरचा कोड, तपासलेला कोड, खर्चाचा गट. पहिला कोड कधीही खोडू नका, पुढे दुकानदाराशी बोलायला तोच लागतो. कोडचे रकाने आधी 'टेक्स्ट' करा, नाहीतर चहा पावडरचा ०९०२ हा ९०२ होऊन बसतो आणि यादीशी जुळत नाही. सुरुवात रकमेने मोठ्या पुरवठादारांपासून करा. नट-बोल्टवाल्याने सगळ्याच मालाला ७३१८ लावलं असेल तर ते लगेच उघडं पडतं. सेवांचे कोड ९९ ने सुरू होतात: जॉबवर्क ९९८८, दुरुस्ती ९९८७, ट्रकभाडं ९९६५. हे तीन एका गटात कोंबू नका. कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून, म्हणजे परराज्यातून आलेल्या मालावर आयजीएसटी आणि बेळगावातल्या मालावर सीजीएसटी-एसजीएसटी असला, तरी गट एकच ठेवायचा. कर वेगळा म्हणून काही ठिकाणी एकाच खर्चाची दोन लेजर (खाती) उघडलेली दिसतात. त्यात फायदा काहीच नाही, बेरीज तेवढी तुटते.

जीएसटीआर-२बी, म्हणजे पोर्टलवर दर महिन्याला आपोआप तयार होणारं खरेदीवरच्या कराचं विवरण, त्यावरून हे काम होत नाही, तिथे मालानुसार एचएसएन दिसत नाही. बिलंच हाताशी घ्यावी लागतात. आणि हेस्कॉम या वीज कंपनीच्या विजेला जीएसटी माफ आहे, त्यामुळे इंडक्शन भट्टीचा हा मोठा खर्च बिलांवरच्या कोडांतून केलेल्या यादीत सुटू शकतो. तो गट हातानेच उघडा.