स्टीलची टूरिंग सायकल आणि आंदालुसियाचे चढ: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या सप्टेंबरात दक्षिण स्पेनच्या आंदालुसिया प्रांतातल्या मालागामध्ये ही सायकल घेतली तेव्हा दुकानात माझ्यासमोर दोन सायकली होत्या. एक हलकी, ॲल्युमिनियमची ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालणारी. दुसरी क्रोमोली स्टीलची, कॅरिअर आणि मडगार्ड धरून 15 किलोची. दुकानदाराचा कल हलकीकडे होता. मी जड सायकल घेतली, आणि नऊ महिन्यांत 2,900 किलोमीटर चालवल्यावरही तीच घेईन असं म्हणते. कारण एकच आहे, आणि ते वजनात नाही, दात्यांमध्ये आहे.

हलक्या सायकलला पुढे 40 दात्यांची एकच चेनरिंग, म्हणजे पायडलजवळचं दातेरी चक्र, होती आणि मागचं सर्वांत मोठं चक्र 42 दात्यांचं. माझ्या सायकलला पुढे तीन चेनरिंग आहेत, 48, 36 आणि 26 दात्यांच्या, आणि मागे 11 ते 34. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पायडलचा एक फेरा मारला की माझी सायकल साधारण 1.67 मीटर पुढे जाते, ती दुसरी 2.07 मीटर गेली असती. मिनिटाला साठ फेरे धरले तर माझा वेग ताशी 6 किलोमीटर, तिचा साडेसातच्या आसपास. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. मागे 14 किलोच्या पिशव्या आणि समोर दहा टक्क्यांचा चढ असला, की त्याच लयीत पाय चालवायला जवळपास पाव पट जास्त ताकद लागते. अर्धा तास ती लावता येईल. दोन तास मला तरी नाही लावता येत. पुण्यात असताना पसरणी घाट बऱ्याचदा केला होता, पण तो रिकाम्या सायकलने, आणि दुपारी घरी जेवायला परत.

इथल्या घाटांत हे गणित पहिल्यांदा पूर्ण कळलं ते पुएर्तो दे लास पालोमासला, म्हणजे कबुतरांच्या खिंडीत. झाहारा दे ला सिएरा या गावापासून खिंड बारा-तेरा किलोमीटर, सरासरी चढ सहा-सात टक्के, मध्ये काही वळणं दहाच्या वर. झाहारा म्हणजे एका कड्यावर ठेवलेला बुरूज, त्याच्या पोटाशी चुन्याने रंगवलेली घरं आणि खाली धरणाचं हिरवं-निळं पाणी. 1481 च्या डिसेंबरमध्ये ग्रानादाच्या सुलतानाच्या फौजेने हा किल्ला रात्रीतून घेतला आणि तिथून ग्रानादाचं दहा वर्षांचं युद्ध पेटलं. कादिसच्या मार्किसने, म्हणजे ख्रिस्ती बाजूच्या सरदाराने, 1483 मध्ये तो परत जिंकला. चढताना प्रत्येक वळणावर तो बुरूज पुन्हा दिसतो, दर वेळी थोडा लहान. मी तो दिसेल तिथे मिनिटभर थांबत गेले. 26 च्या चेनरिंगवरून एकदाही वर आले नाही, आणि एकदाही उतरून सायकल ढकलावी लागली नाही. वर पोचायला सव्वादोन तास लागले. शेवटच्या दोन किलोमीटरांत गिधाडं माझ्या उंचीवर आली होती, पंखांची टोकं बोटांसारखी पसरलेली स्पष्ट दिसत होती.

याच वाटेवर सायकलचा पहिला खरा दोषही कळला. फेब्रुवारीत दुसऱ्यांदा गेले तेव्हा खिंडीपलीकडे ग्राझालेमाच्या बाजूला पाऊस लागला. ग्राझालेमा हे स्पेनमधल्या सर्वांत पावसाळी ठिकाणांपैकी एक, वर्षाला 2,000 मिलिमीटरच्या वर. अटलांटिकवरून आलेले ढग आधी याच डोंगरांवर आदळतात. पावसाचा आकडा महाबळेश्वरच्या जवळपासही नाही, पण कारण तेच. म्हणून तर पिन्सापो नावाचं फरचं झाड, हिमयुगापासून टिकून राहिलेलं, इथल्या उत्तरेकडच्या उतारांवर अजून उभं आहे.

तर त्या उतारावर, रस्त्यावरची वाळू आणि पाणी मिसळून, मागचा ब्रेक हळूहळू ढिला होत गेला. लिव्हर हँडलला टेकायला लागली तेव्हा थांबले. केबलच्या टोकाची समायोजनाची फिरकी दोन आटे बाहेर काढली, तीन वळणांनंतर पुन्हा दोन आटे. गावात पोचून पॅड काढून पाहिले तर एका पॅडवर नखाच्या जाडीएवढाच थर उरला होता. सायकलसोबत रेझिनचे, म्हणजे राळेत बांधलेल्या मऊ मिश्रणाचे, पॅड येतात. सपाट रस्त्याला ते उत्तम, आवाज करत नाहीत. ओल्या उतारावर भरलेल्या पिशव्यांसह ते टिकत नाहीत. घरी आल्यावर धातूचे, म्हणजे सिंटर्ड पॅड बसवले. थोडे कुरकुरतात, पण चार महिन्यांत निम्मेही झिजलेले नाहीत. डोंगरासाठी सायकल विकणाऱ्याने हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, ही माझी तक्रार आहे. तुम्ही घेतलीत तर दुकानातूनच पॅड बदलून घ्या, आणि एक जोड सोबत ठेवा.

दुसरी तक्रार कॅरिअरची. सेतेनिल दे लास बोदेगास हे गाव दरीत आहे. नदीने खडक पोखरला आणि लोकांनी त्या कपारींना पुढून भिंती घालून घरं केली. काही गल्ल्यांत डोक्यावर आभाळाऐवजी अखंड खडकच आहे, आणि त्या खडकाखाली लोक कॉफी पीत बसलेले असतात. गावात उतरणारे रस्ते दगडी फरसबंदीचे. अर्ध्या उतारावर मागून खडखड ऐकू आली आणि उजवी पिशवी चाकाला घासायला लागली. कॅरिअरचा खालचा बोल्ट हादऱ्याने निघून पडला होता. शोधला, सापडला नाही. बाटलीच्या स्टँडचा बोल्ट त्याच मापाचा असतो, पाच मिलिमीटरचा. तो काढून तिथे लावला आणि बाटली खिशात घातली. शेजारच्या दारात बसलेल्या एका आजोबांनी हे सगळं पाहिलं, आत गेले आणि एक स्प्रिंग वॉशर घेऊन आले. तो वॉशर अजून तिथेच आहे. आता सगळ्या बोल्टांना आटे घट्ट धरणारा निळा गोंद लावलाय आणि रोज सकाळी निघण्याआधी ॲलन की फिरवते.

ज्यांना चढाची भीती वाटते त्यांनी व्हिया वेर्दे पाहाव्यात. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर केलेल्या या वाटा आहेत, आणि रेल्वेला तीव्र चढ चालत नाही, त्यामुळे सायकललाही सोप्या. पुएर्तो सेरानो ते ओल्व्हेरा ही 36 किलोमीटरची वाट माझी सर्वांत आवडती. या मार्गाचं काम 1920 च्या दशकात सुरू झालं, बोगदे खोदले, पूल बांधले, स्टेशनं उभी राहिली, आणि गाडी मात्र कधीच धावली नाही. तीस बोगदे आहेत, सर्वांत लांब जवळपास एक किलोमीटरचा. इथे डायनॅमो हबचं महत्त्व कळतं. बाहेरच्या लख्ख उन्हातून काळोखात शिरलं की डोळ्यांना काहीच दिसत नाही. काही बोगद्यांत माणूस आला की दिवे लागतात, सगळ्यांत नाही. पुढच्या चाकातूनच वीज मिळत असल्यामुळे चार्जिंगची काळजी नाही, आणि थांबलं तरी दिवा काही मिनिटं जळत राहतो. वाटेत झाफ्रामागोनचा कडा लागतो, तिथे ग्रिफन गिधाडांची मोठी वसाहत आहे. कोरिपेजवळचा शेकडो वर्षांचा ओकही बघा, त्याची सावली एखाद्या वाड्याच्या चौकाएवढी असेल.

हायेन ते पुएन्ते हेनिल ही 128 किलोमीटरची तेलवाट मात्र हंगाम बघून करा. इथून ऑलिव्हचं तेल रेल्वेने जायचं, म्हणून हे नाव. मी डिसेंबरात गेले, ऑलिव्हची झोडणी जोरात चालू होती, आणि जिथे ट्रॅक्टर वाट ओलांडतात तिथला चिकट चिखल मडगार्डमध्ये इतका भरला की चाक फिरेना. काडीने उकरून काढावा लागला. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर जागा असेल अशीच सायकल घ्या. त्या वाटेवरचे लोखंडी पूल आणि झुएरोसचा कड्यावरचा किल्ला यांसाठी मी पुन्हा जाईन, पण मार्चमध्ये.

टायर श्वाल्बे मॅरेथॉन, 38 मिलिमीटर रुंद. 2,900 किलोमीटरांत दोनच पंक्चर, आणि दोन्ही एकाच जातीच्या काट्याने. ट्यूबमधून काढून हातावर घेतला तर आपला सराटा! तीच वनस्पती, इथे तिला आब्रोहो म्हणतात. लहानपणी अनवाणी पायांतून काढलेले काटे आठवले. उन्हाळ्याच्या शेवटी रस्त्याच्या कडेला सायकल टेकवू नका, एवढंच. सीट ब्रुक्सची चामड्याची, पहिले 500 किलोमीटर त्रासदायक, मग सवयीची.

थोडं रस्त्याबद्दल. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. ओव्हरटेक करताना गाडीवाल्याने दीड मीटर अंतर ठेवायचं असा कायदा आहे, आणि घाटात तो बहुतेक जण पाळतात. वळणावर मागे थांबून राहतात, हॉर्न वाजवत नाहीत. दुपारी दोन ते पाच गावं मिटलेली असतात, त्यामुळे पाणी आणि खाणं दीडच्या आत घ्या. शाकाहारी असाल तर साल्मोरेखो, म्हणजे टोमॅटो आणि पावाचं थंड दाट सूप, मागताना 'सिन हामोन' (हॅमशिवाय) म्हणायला विसरू नका, वरून हॅमचे तुकडे टाकूनच देतात. सकाळची टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलाची तोस्तादा, म्हणजे भाजलेला पाव, कुठेही मिळते, आणि तिच्यावर चाळीस किलोमीटर सहज निघतात.

मे महिन्यात आल्पुहारा केलं, सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावरचं. ओर्हिवापासून पाम्पानेइरा, बुबिओन, कापिलेइरा अशी एकावर एक तीन गावं. अरबी राजवटीपासूनचे पाट अजून वाहतात, त्यांचा आवाज चढभर सोबत असतो. घरांची छपरं सपाट, तुळया, त्यावर दगडाच्या लाद्या आणि सर्वांत वर लाउना नावाची राखाडी माती, जी पाणी अडवते आणि आत झिरपू देत नाही. माझ्या आजोळच्या धाब्याच्या घरावर पांढरी माती टाकायचे, तेच काम. बुबिओनमध्ये एक बाई छपरावर चढून ती माती फावड्याने सारखी करत होत्या. मी खाली सायकल धरून बराच वेळ बघत उभी राहिले. शेवटी त्यांनीच वरून विचारलं, कापिलेइराला जायचंय का, मग पाणी इथेच भर, पुढे चढ आहे. बाटल्या भरल्या, चेन 26 वर टाकली आणि निघाले.