वाइन आणि पेय व्यवस्थापनाची पदविका : प्रवेश घेण्यापूर्वी काय पाहावे

हॉटेल व्यवस्थापनाची पदवी घेतल्यानंतर मी नाशिक परिसरातील एका महाविद्यालयात वाइन आणि पेय व्यवस्थापनाची एक वर्षाची पदविका केली. त्याला आता दोन वर्षे होत आली. प्रवेश घ्यावा की नाही हे ठरवताना मला मराठीत काही वाचायला मिळाले नव्हते, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. शिकवणारे उत्तम होते, विषयाची मांडणीही चांगली होती. पण वर्षाची आखणी द्राक्षाच्या हंगामाकडे न पाहता केलेली होती, आणि जिथे सगळेच हंगामावर अवलंबून असते तिथे ही उणीव लहान म्हणता येत नाही.

निफाड तालुक्यात आमची थॉमसन या खाण्याच्या द्राक्षाची बाग आहे, त्यामुळे द्राक्ष आपल्याला कळते असा माझा समज होता. तो पहिल्याच महिन्यात गेला. खाण्याच्या द्राक्षाचा मणी टपोरा व्हावा म्हणून आपण जिबरेलिक ॲसिड वापरतो आणि घडांची विरळणी करतो. वाइनच्या द्राक्षाला मात्र लहान मणीच हवा असतो, कारण रंग, टॅनिन म्हणजे तुरटपणा देणारा घटक आणि बराचसा गंध सालीत असतो, आणि मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक. साखर मोजण्याचे यंत्र आमच्या घरीही आहे, पण ब्रिक्सच्या, म्हणजे रसातील साखरेच्या मापाच्या, आकड्याला साधारण ०.५५ ने गुणले की होणाऱ्या वाइनमधील मद्यार्काची टक्केवारी कळते, म्हणजे २२ ब्रिक्सच्या रसातून सुमारे १२ टक्के, हा हिशेब मी वर्गातच शिकले. युरोपात थंडीत वेल झोपी जाते आणि तिची वर्षातून एकदाच छाटणी होते. आपल्याकडे तशी थंडी नसल्यामुळे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. पाठ्यपुस्तके परदेशी असूनही आमच्या सरांनी हा भाग पूर्णपणे इथल्या मातीवर उभा केला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

चव-परीक्षणाचे तास हा अभ्यासक्रमाचा सर्वांत समृद्ध भाग होता. पुस्तकातल्या गंधांच्या यादीत गूसबेरी आणि ब्लॅककरंट होते, जे आमच्यापैकी कोणीही कधी चाखलेले नव्हते. बाईंनी ती यादी बाजूला ठेवली आणि मंडईतून पेरू, कैरी, ढोबळी मिरची, जांभूळ आणि काळी मिरी आणून प्रत्येकाला डोळे मिटून हुंगायला लावली. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनमधला ढोबळी मिरचीचा हिरवा वास आणि शिराझ या लाल वाइनमधला मिरीचा झणका मला त्या दिवशी प्रथम वेगळे काढता आले. शिराझमध्ये मिरीचा जो वास येतो, तो रोटंडोन नावाच्या त्याच घटकामुळे येतो जो खुद्द काळ्या मिरीतही असतो, हे ऐकून मला फार आनंद झाला होता. घोट तोंडात फिरवून पिकदाणीत टाकायचा, हा नियम काटेकोरपणे पाळला जाई, आणि तो योग्यच होता. मात्र वर्गात आम्ही २८ जण आणि बाटली एक, म्हणजे वाट्याला जेमतेम २५ मिलिलिटर येई, आणि परदेशी वाइनच्या बाटल्या तर वर्षभरात तीनदाच उघडल्या गेल्या. जीभ पुस्तकाने तयार होत नाही. प्रवेशापूर्वी या गोष्टीची चौकशी अवश्य करावी.

व्यवस्थापनाचा भाग कोरडा वाटतो, पण आज माझे पोट त्यावरच चालते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १५० मिलिलिटरचे पाच ग्लास निघतात. वाढणाऱ्याने दर वेळी १५ मिलिलिटर जास्त ओतले की पाचवा ग्लास निम्माच भरतो, आणि नफा बहुतेक त्या पाचव्या ग्लासातच असतो. साठ्याची नोंदवही, हॉटेलात मद्य विकण्यासाठी लागणाऱ्या एफएल-३ परवान्याच्या अटी आणि उत्पादन शुल्क विभागाला दाखवायचे दैनंदिन हिशेब हे सर्व नीट शिकवले गेले. देशी पेयांना मात्र एकच तास मिळाला. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, नाशिक व्हॅली वाइनला त्यानंतर मिळाले. असे असताना स्कॉचला आठ तास आणि फेणीला अर्धा, ही वाटणी मला पटली नाही. ज्यांना परदेशात काम करायचे आहे, त्यांना लंडनच्या वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्टच्या परीक्षा स्वतंत्रपणे द्याव्या लागतील, हेही ध्यानात ठेवावे.

आता मुख्य तक्रार. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. आमचे वर्ग जूनमध्ये सुरू झाले, जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही वर्गात बसून किण्वनाच्या, म्हणजे रस आंबून त्याची वाइन होण्याच्या, आकृत्या काढल्या, मार्चमध्ये परीक्षा दिली, आणि वायनरीतील प्रशिक्षणासाठी आम्हाला मे महिन्यात पाठवले. तोवर द्राक्ष संपलेले होते. टाक्या धुणे, बाटल्यांना लेबल लावणे आणि पाहुण्यांना वायनरी दाखवणे, एवढेच काम उरले होते. ते मी मनापासून केले, पण ज्यासाठी फी भरली होती ते तिथे पाहायला मिळाले नाही. आम्ही विभागप्रमुखांना लेखी विनंती केली, तेव्हा विद्यापीठाचे वेळापत्रक बदलता येत नाही असे उत्तर आले. चौकशीला जाल तेव्हा फी विचारण्याआधी प्रशिक्षणाचा महिना विचारा. उत्तर एप्रिल किंवा मे असेल, तर दुसरे महाविद्यालय पाहा.

पदविका हाती आल्यावर पुढच्या जानेवारीत मी एका वायनरीत हंगामी कामावर रुजू झाले. फळ गार असावे म्हणून तोडणी पहाटेच सुरू होई आणि ऊन चढण्यापूर्वी क्रेट आत येत. शिराझच्या टाकीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कार्बन डायऑक्साइडच्या जोराने साली वर येऊन त्यांचा जाड थर बसला. तो थर वाळला तर वाइन बिघडते, म्हणून दिवसातून अनेकदा खालचा रस पंपाने वर घेऊन त्याच्यावर सोडायचा, आणि टाकीत वाकून पाहायचे नाही, कारण त्या वायूने माणूस शुद्ध हरपतो. हा मजकूर मी परीक्षेत दोन पाने लिहिला होता आणि त्याला चांगले गुणही मिळाले होते. पहिल्या रात्री त्या टाकीला हात लावला तेव्हा ती बाहेरूनही कोमट लागत होती. यीस्ट काम करताना उष्णता निर्माण करते, हे वाक्य मला तेव्हा कळले.