चौथीचं वार्षिक नियोजन: पुस्तकाचा क्रम की दिनविशेष?

जूनमध्ये चौथी हातात आली की पहिला प्रश्न हाच, परिसर अभ्यास भाग दोन म्हणजे महाराजांचा इतिहास सरळ धडा एकपासून न्यायचा की तारखा बघून त्या त्या महिन्यात घ्यायचा. मी दोन्ही करून बसलेय.

दिनविशेष धरून केलेलं नियोजन कागदावर लय भारी दिसतं. 13 जुलैला पावनखिंड, बाहेर धो धो पाऊस, रात्रभर चिखल तुडवत विशाळगडाकडे जाणं म्हणजे काय हे पोरांना वेगळं सांगावंच लागत नाही, निम्मी तर तशीच भिजून शाळेत आलेली असतात. मग ऑगस्टात आग्र्याहून सुटका, नोव्हेंबरात प्रतापगड, 4 फेब्रुवारीला कोंढाणा. पण सन बघा की, पावनखिंड 1660 ची, आग्रा 1666 चं आणि प्रतापगड 1659 चा! माझ्या वर्गात सिद्दी जौहर पावसाळ्यात येऊन गेला, अफझलखान आला दिवाळीनंतर आणि 19 फेब्रुवारीला महाराजांचा जन्म. एका पोरीने विचारलंच, "बाई, जन्माच्या आधीच लढले होय?" काय बोलणार. आणि राज्याभिषेक 6 जूनचा, तेव्हा शाळाच उघडलेली नसते.

पुस्तकाचा क्रम जरा रटाळ वाटतो, पण अफझलखान पडला म्हणून पन्हाळा हाती आला, पन्हाळा घेतला म्हणून जौहरचा वेढा पडला, हे "म्हणून" त्यातच कळतं. संकलित चाचणीलाही सोपं जातं. फक्त पहिल्या सत्रात गणपती नि स्पर्धांमध्ये तासिका उडतात आणि अष्टप्रधान मंडळ मार्चमध्ये पळत पळत उरकावं लागतं, तेवढे तास आधीच राखून ठेवा.

भाग एकचं उलट, पाणी, पिकं असलं सगळं ऋतू बघूनच घ्या, विहीर भरलेली असताना.

काहीही ठरवा, दिवाळीच्या सुट्टीआधी एक तास किल्ल्याला द्याच. दरवाजा कुठे, बुरूज कुठे, पाण्याचं टाकं कुठे यावरून पोरं भांडतात तेव्हा गड कळतो, आम्ही नुसते मावळे मांडायचो.

एकच वर्ग असेल तर माझं मत पुस्तकाच्या क्रमाला. द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकत्र असेल तर मात्र दिनविशेषच परवडतो, एक गोष्ट सगळ्यांना चालते, फक्त वर्गात एक दोरी बांधा आणि गोष्ट झाली की तिच्या सनाची चिठ्ठी जागेवर लटकवा. माझी दोरी खिडकीपासून फळ्यापर्यंत आहे, खिडकीपाशी 1630, फळ्यापाशी 1680, कपड्यांचे चिमटे घरूनच नेलेत.