वेढलेली बेटे: सां-पिएर-मिकलों आणि लिकोमा

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळची सां-पिएर आणि मिकलों ही फ्रान्सची बेटे स्वतःच्या प्रादेशिक परिषदेमार्फत कर व जकातीचा कारभार पाहतात. फ्रान्स व कॅनडा यांच्यातील सागरी हद्दीच्या 1992 च्या लवादाने त्यांना दक्षिणेकडे 10.5 सागरी मैल रुंद आणि 200 मैल लांब पट्टा दिला खरा. पण त्याच्या दोन्ही बाजूंना कॅनडाचेच अनन्य आर्थिक क्षेत्र आहे. तरीही ही बेटे एन्क्लेव्ह, म्हणजे दुसऱ्या देशाच्या सार्वभौम हद्दीने पूर्ण वेढलेला प्रदेश, ठरत नाहीत, कारण आर्थिक क्षेत्रात किनारी देशाला मासळी व खनिजांवर हक्क मिळतो, सार्वभौमत्व नव्हे, आणि त्यातून जहाजे मुक्तपणे ये-जा करतात. वेढा पडतो तो मासेमारीला.

आफ्रिकेतील मलावी सरोवरात असलेल्या, मलावी देशाच्या लिकोमा व चिझुमुलू बेटांना मात्र, माझ्या मते, एन्क्लेव्ह हे नाव निःसंशय शोभते. 1954 च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारानुसार त्यांच्याभोवती दोन सागरी मैलांचेच पाणी त्यांचे, आणि त्यापलीकडचे मोझांबिकचे. सरोवर हे समुद्र नसल्याने ते पाणी जमिनीइतकेच सार्वभौम आहे. लिकोमा हा मलावीचा साधा जिल्हा आहे. स्वायत्तता नसूनही वेढा पक्का, कारण तो पाण्याच्या दर्जावर ठरतो.