क्विनाइन की आर्टेसुनेट? गंभीर मलेरियात काय निवडावं

हिवताप म्हटलं की कोयनेल (म्हणजेच क्विनाइन), हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या डोक्यात बसलंय. सिंकोना झाडाच्या सालीतून पेलेतिए आणि कावाँतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८२० साली क्विनाइन वेगळं काढलं, आणि त्यानं किती जीव वाचवले याची मोजदाद नाही. त्यामुळे पेशंट अत्यवस्थ असताना डॉक्टर ‘आर्टेसुनेट लावतो’ म्हणाले, की जुनं खात्रीचं औषध सोडून हे कशाला, असं घरच्यांना वाटणं स्वाभाविक आहे.

तरीही माझं मत स्पष्ट आहे. शुद्ध हरपतेय, झटके येतायत, लघवी कमी झालीय, अशा मलेरियात आर्टेसुनेट हाताशी असेल तर क्विनाइनचा आग्रह धरू नका.

भारत, बांगलादेश, म्यानमार आणि इंडोनेशियातल्या गंभीर रुग्णांवर दोन्ही औषधांची समोरासमोर तुलना झाली. निष्कर्ष २००५ साली आले: क्विनाइनवर शंभरातले २२ दगावले, आर्टेसुनेटवर १५. आफ्रिकेतल्या पाच हजारांहून जास्त मुलांच्या अभ्यासातही (२०१०) हेच दिसलं. मृत्यूचं प्रमाण १०.९ टक्क्यांवरून ८.५ वर आलं.

फरक कुठून येतो? क्विनाइन मुख्यतः वाढ झालेल्या परजीवींवर चालतं. फाल्सिपेरम या मलेरियाच्या सर्वांत घातक परजीवीच्या बाबतीत तोवर बाधित तांबड्या पेशी मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटू लागलेल्या असतात. आर्टेसुनेट कोवळ्या परजीवींनाही मारतं, चिकटण्याआधीच.

खाटेजवळ तर फरक डोळ्यांना दिसतो. क्विनाइनचं सलाईन हळूहळू, सहसा चार तास चालवावं लागतं, दर आठ तासांनी पुन्हा. घाईत शिरेतून ढकललं तर रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके बिघडतात. कानात घणघण, ऐकू कमी येणं, मळमळ हे नेहमीचं. मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती साखरेची: क्विनाइनमुळे इन्शुलिन वाढून साखर उतरते, विशेषतः गरोदर बाईची, आणि ग्लानीतला पेशंट ‘मलेरियानंच सुस्त आहे’ म्हणून तसाच पडून राहतो. क्विनाइन चालू असेल तर ‘आत्ता साखर किती?’ हे विचारत राहा, संकोच करू नका.

आर्टेसुनेटची पूड आयत्या वेळी विरघळवतात आणि लगेच शिरेतून देतात. पहिला डोस, मग १२ आणि २४ तासांनी, पुढे रोज एकदा. मात्रा किलोमागे २.४ मिलिग्रॅम, २० किलोंखालच्या मुलांना ३. किमान २४ तासांनंतर पेशंट गिळू लागला, की मलेरियाच्या गोळ्यांचा तीन दिवसांचा पूर्ण कोर्स हवाच.

त्यालाही एक खोट आहे. बरं वाटल्यावर एक ते चार आठवड्यांत काहींच्या तांबड्या पेशी फुटतात. लघवी गडद झाली, अंग पांढरंफटक पडलं, तर लगेच रक्त तपासा.

गरोदरपणात क्विनाइनच सुरक्षित, ही समजूत आता सोडायला हवी. गंभीर मलेरियात कुठल्याही महिन्यात आर्टेसुनेटच पहिलं. व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकारात यकृतात दडलेले परजीवी मात्र दोन्हींना दाद देत नाहीत, त्यासाठी प्रायमाक्विन वेगळं लागतं.

मग क्विनाइन कधी? आर्टेसुनेट नाही आणि त्याच गटातल्या आर्टेमेथरचं इंजेक्शनही नाही, तेव्हा. अशा वेळी ते बेधडक घ्यावं, वाट पाहण्यात तास घालवू नयेत. मोठं रुग्णालय लांब असेल, तर निघण्याआधी आर्टेसुनेटचा एक डोस स्नायूत देता येतो. सहा वर्षांखालच्या मुलाला इंजेक्शनची सोय नसेल, तर गुदद्वारातून द्यायची आर्टेसुनेटची कॅप्सूल असते. ती दिली की गाडी थेट रुग्णालयाकडे न्यायची, कारण पूर्ण उपचार तिथेच व्हायचे असतात.